जखमेचा वण: कधी थांबायचं, काय लावायचं आणि कधी कापायचं

येवल्याची संक्रांत पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. माझा भाचा मात्र गच्चीवर नव्हता. नाशिकहून मोटारसायकलवर येवल्याला निघाला होता आणि वाटेत नायलॉन मांजानं त्याचा जबडा कानाखालपासून पार हनुवटीपर्यंत चिरला. या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि तरीही तो मिळतो हे आपल्या जिल्ह्यात कुणापासून लपलेलं नाही. नऊ टाके पडले. ते काढायच्या दिवशी त्यानं मला विचारलं, "आत्या, लेझरनं हे जाईल ना?"

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. हा प्रश्न मी आईबापांकडून, नवऱ्या मुलींकडून, कंपनीत हात भाजलेल्या कामगारांकडून ऐकलेला आहे. खरं उत्तर असं की वण जात नाही. इजा कातडीच्या आतल्या जाड थरापर्यंत पोचली की शरीर तिथं ठिगळ लावतं आणि त्या ठिगळाची वीण मूळ कापडासारखी कधीच होत नाही. वर्ष उलटलं तरी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. डॉक्टर करतात ती अदलाबदल: नजरेत भरणारा वण द्यायचा आणि त्याच्या जागी नजरेत न भरणारा घ्यायचा. लोकांचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. वणाची जात न ओळखता उपाय केला जातो, नाहीतर उपाय बरोबर असतो आणि महिना चुकतो.

जखम ताजी असताना

वाहतं रक्त स्वच्छ कापडानं दाबून धरा. मानेवरची चीर असेल तर घरी काहीही करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. बाकी जखम नळाखाली धरून साबणानं धुवा. हळद, चुना, चहापत्ती, कॉफी यातलं काही आत भरू नका. भरलेलं सगळं नंतर आम्हाला चिमट्यानं काढावं लागतं आणि तेव्हाचं ओरडणं मी विसरलेली नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

गाडीवरून घसरून खरचटलं असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. डांबराचे, खडीचे बारीक कण आत राहिले आणि वर कातडी आली की ते गोंदणासारखे निळे-काळे दिसत राहतात. पहिल्याच दिवशी जागा बधिर करून ब्रशनं घासून काढणं सोपं असतं, नंतर त्यासाठी लेझरच्या फेऱ्या माराव्या लागतात. "जरा घासून साफ करा" असं डॉक्टरांना स्वतःहून म्हणालात तरी कुणी रागावणार नाही.

भाजलं असेल तर साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई तर नकोच. भाजलेली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तिथं जाड, आखडणारा वण येण्याची शक्यता फार वाढते. म्हणून डॉक्टर लवकर कातडी लावायची म्हणतात, आणि नातेवाईक म्हणतात, "भरतंय की हळूहळू, कशाला कापाकापी?" या एका वाक्यापायी कोपरात कायमचे वाकलेले हात मी पाहिले आहेत.

"उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरू दे" हा घरोघरचा सल्ला. ओलसर राहिलेली जखम जास्त लवकर भरते आणि वणही बरा येतो. व्हॅसलीनचा पातळ थर, वर स्वच्छ ड्रेसिंग, एवढं पुरतं. चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघाले पाहिजेत, हातापायांवरचे १० ते १४ दिवसांत. चेहऱ्यावर ते जास्त राहिले तर रुळावरच्या स्लीपरांसारख्या आडव्या खुणा पडतात. "उद्या अमावास्या आहे, परवा काढू" असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. तो परवा चेहऱ्यावर राहतो.

पहिले तीन ते सहा महिने: घरचं काम

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय याच काळात करायचे असतात. टाके निघाले की वणाच्या लांबीवर साधी कागदी चिकटपट्टी लावून ठेवा. ती दोन्हीकडची ओढ कमी करते. आपोआप सुटेल तेव्हा बदला.

जखम पूर्ण बंद झाली, कुठेही ओल किंवा खपली उरली नाही, की सिलिकॉन सुरू करायचं. मेडिकलमध्ये जेल मिळतं आणि पट्टीही. सिलिकॉन वणातलं पाणी उडू देत नाही, त्यामुळे आतली कोलॅजनची, म्हणजे ठिगळ विणणाऱ्या धाग्यांची, घाई मंदावते. पट्टी दिवसातून किमान १२ तास लागते आणि हे दोन-तीन महिने तरी चालवायचं. पहिल्या दिवशी तीन-चार तास लावा, खाज आली नाही तर वेळ वाढवा. सौम्य साबणानं धुवून ती हवेवर वाळवा. टॉवेलनं पुसलीत तर तंतू चिकटतात आणि पट्टी निकामी होते. एप्रिल-मे मध्ये घामानं पट्टीखाली पुरळ येतं. तेव्हा दिवसा जेल आणि रात्री पट्टी असं वाटून घ्या. जेल मुंगीच्या पंखाइतकं पातळ लावायचं. पांढरा थर दिसला तर तो फुकट गेलेला पैसा समजा.

मालिश टाके निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. बोटाच्या पेरानं, वण क्षणभर फिकट पडेल इतपत दाबून, गोल, मग लांबीवर, मग आडवं. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. वरवर तेल चोपडणं म्हणजे मालिश नव्हे. खालच्या थराला चिकटलेली कातडी त्यावरून सरकली पाहिजे. तेल कुठलंही चालतं. व्हिटॅमिन ई-च्या कॅप्सूल फोडून लावायची फॅशन आहे, तिनं वण सुधारतो असं सिद्ध झालेलं नाही आणि काहींना ॲलर्जीचं पुरळ मात्र येतं. कांद्याच्या अर्काच्या क्रीमबद्दलही मी फारशी आशा धरणार नाही. लिंबू चोळणाऱ्यांना तर मी हात जोडते.

मग ऊन. कोवळा वण उन्हात काळवंडला की तो रंग महिनोन्महिने हटत नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. खरं सांगू? आपल्याकडच्या मुली स्कूटीवर स्कार्फ आणि सनकोट घालून डाकूसारख्या फिरतात ना, तो उपाय कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचा आहे. द्राक्षबागेत काम करणाऱ्यांना दर दोन तासांनी क्रीम लावणं जमणार नाही. त्यांनी कापडच बांधावं.

आणि फोटो. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि आठ महिन्यांनी डॉक्टरांसमोर "काहीच फरक नाही हो" असं सांगितलं जातं. भाच्याला मी हे कामाला लावलं.

घाई का नको

वण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळ्यात लाल, कडक आणि खाजरा असतो. लोक नेमके तेव्हाच घाबरून डॉक्टर बदलतात. त्यानंतर तो हळूहळू फिकट आणि मऊ होत जातो, आणि हे काम १२ ते १८ महिने चालतं. म्हणून वण सुधारण्याची शस्त्रक्रिया सहसा वर्षभरानंतर ठरवतात.

लग्नाच्या तारखांचं गणित इथंच फसतं. "मेमध्ये लग्न आहे, एप्रिलमध्ये उरकून टाकू" म्हणाल तर मांडवात वण लालभडक असणार. तारखेपासून उलटं मोजा. किमान वर्षभर आधी शस्त्रक्रिया, नाहीतर लग्नानंतर, आणि मधल्या काळात चांगला कन्सीलर. त्यात कमीपणा काही नाही.

थांबायचं नाही अशाही जागा आहेत. पापणी ओढली जाऊन डोळा मिटत नसेल, मान किंवा बोटं आखडत असतील, वाढत्या मुलाच्या सांध्यावर वण असेल, तर लगेच दाखवा. मूल वाढतं, वण त्या वेगानं वाढत नाही. जाड होत चाललेल्या वणालाही इंजेक्शन लवकरच द्यावं लागतं. वर्षाचा नियम चाकूसाठी आहे.

वणाची जात ओळखा

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च वणाच्या बाजूनं, आडवा धरा. उंचवटा आणि खड्डे सावलीत उमटतात. मग पारदर्शक काचेनं दाबा. लाली गेली तर ते रक्तवाहिन्यांचं काम, तपकिरी तसंच राहिलं तर रंगद्रव्याचं. खड्डे असतील तर कातडी दोन बोटांनी ताणून बघा. ताणल्यावर नाहीसे होणारे खड्डे वेगळे आणि न होणारे वेगळे, त्यांचे उपायही वेगळे.

सपाट तपकिरी डाग हा मुळात वणच नाही. पुटकुळी किंवा खरचटणं बरं झाल्यावर सावळ्या कातडीत उरलेला तो रंग असतो, आणि सनस्क्रीन व डॉक्टरांनी दिलेल्या क्रीमनं काही महिन्यांत उतरतो. त्यावर लेझर मारून घेण्याची घाई करू नका. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली "गोरं करणारी" मिश्र क्रीमं तर नकोच. त्यात स्टिरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा चमकतो, पुढे कातडी पातळ होते आणि बंद केलं की आग-आग.

उंच आलेल्या वणाचे दोन प्रकार. जखमेच्या हद्दीतच राहिलेला जाड वण पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत बसतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरणारा तो केलॉइड. कानाची पाळी, छाती, खांदे, जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. तो घराण्यात चालतो, सावळ्या कातडीत जास्त दिसतो आणि आपणहून क्वचितच जातो. बीसीजीच्या लशीच्या जागेवर खांद्याला गाठ आलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. पेनानं कडेची रेघ काढून ठेवा किंवा फोटोत मोजपट्टी धरून मोजा. तीन महिन्यांत रेघ ओलांडली तर केलॉइडच समजून चाला.

जाड वण आणि केलॉइड: इथं चूक महाग पडते

सोनारानं कान टोचावेत ही म्हण ठीक आहे, पण टोचल्यावर पाळीला बोराएवढी गाठ आली तर ती कापायला सोनार, पार्लर किंवा ओळखीचा कंपाउंडर नको. नुसता कापलेला केलॉइड निम्म्याहून जास्त वेळा परत येतो, आणि कित्येकदा आधीपेक्षा मोठा होऊन. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

सुरुवात इंजेक्शननं होते. ट्रायॲमसिनोलोन नावाचं स्टिरॉइड थेट गाठीत, दर चार ते सहा आठवड्यांनी, तीन-चार वेळा किंवा जास्त. गाठ कडक असते, औषध आत रेटावं लागतं, त्यामुळे दुखतं. आधी बधिर करणारी क्रीम मागून घ्या. भोवतालची कातडी पांढुरकी पडणं, खड्डा होणं, बारीक लाल नसा दिसणं हे दुष्परिणाम होऊ शकतात. मधुमेह असेल तर आधी सांगा. बायकांची पाळी महिनाभर मागेपुढे झाली तर घाबरू नये. एकट्या स्टिरॉइडला दाद मिळाली नाही तर सोबत फाइव्ह-एफयू हे पेशींची वाढ रोखणारं औषध देतात, पण गरोदरपणात ते चालत नाही. द्रव नायट्रोजननं गोठवण्याचाही मार्ग आहे, मात्र आपल्या रंगाच्या कातडीवर पांढरा डाग राहण्याचा धोका त्यात असतो.

कापायचंच ठरलं तर पुढची योजना शस्त्रक्रियेआधी कागदावर हवी: कानाच्या पाळीवर दाब देणारी क्लिप, इंजेक्शनांचं वेळापत्रक, किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणारे रेडिएशनचे मोजके डोस. रेडिएशनच्या नावानं घरात रडारड होते. हे कॅन्सरचे उपचार नव्हेत, डोस कमी असतो. तरीही लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देत नाहीत. पुढे दोन वर्षं तपासणी सोडायची नाही.

भाजल्यानंतरच्या मोठ्या जाड वणांना मापानं शिवलेले घट्ट कपडे लागतात. दिवसाचे २३ तास, सहा महिने ते वर्षभर. नाशिकच्या उन्हाळ्यात हे सांगणाऱ्या सिस्टरला लोक मनातून काय म्हणतात ते मला माहीत आहे. दोन जोड शिवून घ्या म्हणजे एक धुता येतो.

मुरमांचे खड्डे

आधी मुरूम थांबवा. नवे येत असताना जुने खड्डे भरत बसणं म्हणजे गळक्या छताखाली भिंत रंगवणं. खोल, सुईनं टोचल्यासारख्या छिद्रांत तीव्र टीसीए आम्लाचा थेंब काडीनं सोडतात किंवा ती छिद्रं छोट्या गोल पात्यानं काढून टाका घालतात. ताणल्यावर जाणाऱ्या उथळ लाटांसाठी कातडीखाली सुई फिरवून चिकटलेले धागे तोडतात, त्याला सबसिजन म्हणतात. मोठ्या पसरट खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल सीओटू लेझर (ठिपक्याठिपक्यांनी मारायचं लेझर). एका चेहऱ्यावर तिन्ही प्रकार असतात, म्हणून एकच यंत्र असलेल्या क्लिनिकमध्ये सगळ्यांना तेच यंत्र लागतं असं का सांगतात ते ओळखा.

तीन ते सहा बैठका, प्रत्येकीत महिना-दीड महिन्याचं अंतर. निम्मा फरक पडला तर काम चांगलं झालं. लेझरनंतर आपली कातडी काळवंडण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त, म्हणून ताकद कमी ठेवून जास्त बैठका घेणारा डॉक्टर मला बरा वाटतो. दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर ऊन सोसावं लागत नाही. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायची असेल तर त्या महिन्यातली बैठक पुढे ढकला. ऑनलाइन मिळणारा काट्यांचा रोलर घरी फिरवू नका, आणि घरात तो एकमेकांत वाटून तर मुळीच वापरू नका.

चाकू लावायचा तेव्हा

आपल्या नाशिकचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं असं सांगतात. शूर्पणखेला कुणी नाक जोडून दिलं नाही, पण टिपूशी झालेल्या लढाईत पकडला जाऊन नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा गाडीवान नशीबवान ठरला. पुण्याजवळ कुंभार जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ही हकिगत चित्रासह छापून आली आणि युरोपचे सर्जन ती पद्धत शिकले. कपाळाची कातडी आजही नाकासाठी वापरतात.

साध्या शस्त्रक्रियेत रुंद वण पानाच्या आकारात कापून थरांत शिवतात. कोपरे फुगू नयेत म्हणून तो आकार रुंदीच्या साधारण तिप्पट लांब घ्यावा लागतो. म्हणजे नवी रेघ बारीक होईल पण कदाचित जुन्यापेक्षा लांब. हे आधी ऐकलं नसेल तर पट्टी निघाल्यावर धक्का बसतो. सुरकुत्यांच्या दिशेला आडवा गेलेला किंवा ओढ आणणारा वण झेड-प्लास्टीनं वळवतात. झेड आकाराचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी फिरवायचे. ६० अंशांचे त्रिकोण घेतले तर हिशेबानं लांबी सुमारे ७५ टक्के वाढते आणि आखडलेला सांधा सुटतो. गालावरच्या लांब सरळ रेघेला नागमोडी करतात, कारण डोळा सरळ रेघ चटकन पकडतो.

वण फार रुंद असेल तर तो दोन-तीन हप्त्यांत कापतात, किंवा शेजारच्या कातडीखाली फुगा बसवून दर आठवड्याला त्यात सलाइन भरत दोन-तीन महिने कातडी वाढवतात. आखडलेल्या भागात मांडीची किंवा जांघेची कातडी लावली तर तिचा रंग जुळत नाही आणि ती पुढे आकसते, म्हणून स्प्लिंट (सांधा सरळ धरणारी पट्टी) आणि व्यायाम सहा महिने. शस्त्रक्रिया सर्जनची, पण निकाल पुष्कळदा फिजिओथेरपीच्या हातात. खोलगट वणाखाली पोटाची चरबी भरण्यानंही चांगला फरक पडतो, त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं.

छाती, खांदा आणि गुडघ्यावरचे वण कितीही सुबक शिवले तरी ओढीनं रुंदावतात. तिथं मी स्वतः कापून घेणार नाही.

सिगारेट, तंबाखू, मिश्री चार आठवडे आधी बंद आणि नंतरही चार आठवडे बंद. मिश्री "त्यात काय" म्हणून सांगितलीच जात नाही. साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण मनानं बंद करू नका. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर बागायतदारानं हाताची शस्त्रक्रिया ठेवू नये. घरी विश्रांती घेईन म्हणणारा चौथ्या दिवशी कात्री घेऊन बागेत सापडतो.

कुणाकडे, आणि पैसे

कॉलेज रोड, गंगापूर रोडला स्किन आणि लेझरच्या पाट्यांना तोटा नाही. पाटी बघू नका, पदवी बघा. चाकूसाठी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, इंजेक्शन-लेझरसाठी त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. "माझ्यासारख्या रंगाच्या कातडीवरचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवा" असं मागा. महिन्याभरानंतरच्या फोटोंना अर्थ नाही. बिघडलं तर पुढचं कोण बघणार आणि त्याचे पैसे वेगळे का, हेही तोंडावर विचारा. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ भरू नका.

दिसण्यासाठीच्या उपचारांना विमा मिळत नाही. हालचाल अडत असेल तर गोष्ट वेगळी. मान किती वळते, बोट किती उघडतं, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर अंशांत लिहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यानंतरच्या काही शस्त्रक्रिया बसतात. योजनेच्या रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा, नंतर कागद जुळवताना फार धावपळ होते.

एक गोष्ट मात्र कुठलाही हिशेब न करता करायची. वर्षानुवर्षांच्या भाजल्याच्या वणावर जखम उघडली आणि भरतच नसेल, तर मलम बदलत बसू नका. त्यात कॅन्सर होऊ शकतो, तुकडा तपासून घ्या.

भाच्याच्या वणाला वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, झेड करता येईल, पण ताण नाही, जाडी नाही, हवं तर आणखी सहा महिने बघू. त्यानं बाराव्या महिन्याचा फोटो एक तारखेला न चुकता पाठवला. त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, सगळं मी सांगितल्याप्रमाणे. फक्त मधल्या काळात त्यानं दाढी वाढवली होती, त्यामुळे मला वण दिसलाच नाही.